मतदानातील दान

आमच्या भाषेत दानांची उणीव कधीच नव्हती. अन्नदान, गोदान, कन्यादान हे जुने प्रकार; रक्तदान, नेत्रदान, श्रमदान हे नवे; आणि या सर्वांच्या पंगतीत मतदानही पाट मांडून बसले आहे. इंग्रजीत ज्यास ‘व्होट’ म्हणतात त्याचे मूळ शोधू गेले असता लॅटिन भाषेत ‘नवस’ किंवा ‘इच्छा’ असा अर्थ सापडतो. म्हणजे ज्या कृत्यास साहेबाने नवस म्हटले त्यासच आम्ही दान म्हणू लागलो. नवसात देवाशी सौदा असतो, दानात पुण्याशी. पण एका गोष्टीत दोन्ही शब्दांचे एकमत आहे. मत ही मतदाराच्या मालकीची चीज असून तो ती आपल्या मर्जीने कोणास तरी देत आहे, असे दोन्ही सुचवितात. हे सुचविणे खरे आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेणार आहो. प्रश्न वरवर शब्दाचा दिसतो. पण शब्द चुकला म्हणजे समजूत चुकते, समजूत चुकली म्हणजे आचार चुकतो, आणि त्या चुकीची किंमत भलत्याच माणसास मोजावी लागते, हे पुढे दिसून येईल.

प्रथम दानाचीच बाजू पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन वर्ग केले आहेत. देश, काल व पात्र पाहून, ज्याच्याकडून परत उपकार व्हावयाचा नाही अशास, देणे योग्य एवढ्याच बुद्धीने दिलेले ते सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून, कष्टी मनाने दिलेले ते राजस. आणि स्थळकाळ न पाहता अपात्री, अवहेलनेने दिलेले ते तामस. ही कसोटी लावली तर सात्त्विक मतदान करू इच्छिणाऱ्या गिरगावकराने असाच उमेदवार शोधला पाहिजे की ज्याने गेल्या पाच वर्षांत तोंड दाखविले नाही आणि पुढील पाच वर्षांतही जो दाखविण्याचा संभव नाही. अशा सत्पात्रांचा आमच्या शहरात तुटवडा नाही, ही गोष्ट वेगळी! उलट ज्याने चाळीचा मोडका जिना दुरुस्त करविला त्यास मत देणे हे राजस ठरते, आणि ‘सगळे सारखेच’ असे पुटपुटत कोणते तरी बटण दाबून मोकळे होणे हे तामस. शास्त्र चुकले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. ज्या कृत्यास लावल्याबरोबर इतके चांगले शास्त्र असा विपरीत निकाल देते, ते कृत्य मुळात आपण समजतो तशा प्रकारचे दान नसावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तथापि दानाची ही कल्पना नुसत्या शब्दकोशात राहिलेली नाही. ती आमच्या अंगवळणी पडली आहे. निवडणुकीच्या दिवसांत खेतवाडीच्या गल्ल्यांतून किंवा लालबागच्या चाळींतून कोणी फेरफटका मारील तर त्यास दाता आणि याचक यांचे मोठे हृद्य चित्र दिसेल. ज्या गृहस्थांच्या मोटारीस एरवी रस्ता मोकळा करून द्यावा लागतो, ते हात जोडून चौथा मजला पायी चढतात. गॅलरीत वाळत घातलेल्या धोतर-लुगड्यांखालून वाकून येतात. कोपऱ्यातल्या खोलीतील म्हाताऱ्या आजींच्या पाया पडतात आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. पंधरा दिवस असा याचकधर्म चालतो. सोळाव्या दिवशी निकाल लागतो आणि पात्रे तीच राहून भूमिका बदलतात. आता अर्ज हातात घेऊन, ‘साहेब आले का?’ असे विचारीत, कार्यालयाबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दाता बसलेला असतो, आणि याचक आत असतो. पंधरा दिवसांच्या दातृत्वाबद्दल पाच वर्षांचे याचकत्व पत्करणारा असा दानशूर कर्णानंतर मुंबईच्या मतदाराशिवाय दुसरा झाला नसेल.

या पाच वर्षांत दान उलट दिशेने वाहू लागते, आणि त्याचे शिलालेख शहरभर दिसतात. मुंबईत बसावयास जागा मिळणे कठीण; पण मिळाली तर त्या बाकड्याच्या पाठीवर कोणाचे तरी नाव असल्याशिवाय राहत नाही. बागेचे फाटक, व्यायामशाळेची भिंत, पाण्याची टाकी, फार काय सार्वजनिक शौचालयाचे दारदेखील ‘अमुक यांच्या प्रयत्नाने’ किंवा ‘अमुक यांच्या निधीतून’ सिद्ध झालेले असते. आता हा निधी आला कोठून? खासदारांचा स्थानिक विकास निधी १९९३ साली सुरू झाला आणि २०११ पासून तो प्रत्येकी वर्षाला पाच कोटी रुपये असा ठरला. आमदार आणि नगरसेवक यांनाही आपापल्या प्रमाणात असा निधी असतो. ही सर्व रक्कम करांतून येते, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नाही. पण आमच्याच खिशातील रुपया काढून, त्यावर आपले नाव घालून, कोणी तो आम्हांस आहेर म्हणून परत केला, तर आम्ही आहेराची रीत पाळून त्याचे आभार मानतो. इतका साधा हिशेब शिकलेल्या लोकांनाही का सुटू नये?

त्याचे कारण आमच्या मते असे आहे की, सार्वजनिक काम हे आपले येणे आहे असे आम्हांस मनापासून वाटतच नाही. ते कोणाच्या तरी कृपेने घडते असे वाटते. लालबागच्या प्रसिद्ध गणपतीची कथा या दृष्टीने मनन करण्यासारखी आहे. पेरूचाळीतील बाजार १९३२ साली बंद पडला तेव्हा तेथील कोळी व व्यापारी मंडळींनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली, आणि १९३४ साली गणपतीची स्थापना झाली. जागा मिळावी म्हणून त्या वेळच्या नगरसेवकासह काही मंडळींनी खटपट केली होती, हेही त्या कथेतच सांगितले जाते. आज नवसाच्या रांगेत दूरदूरची माणसे तासन्‌तास उभी असतात; खटपट करणारांच्या नावाने मात्र रांग लागत नाही. देवाचा मान देवास मिळाला यात वावगे काहीच नाही. पण अर्ज, ठराव आणि पाठपुरावा यांनीही बाजार मिळतो, ही आठवण त्या रांगेत मागे राहिली. आणि तिच्या जागी कृपेची जी सवय लागली तिचा फायदा पुढे देवापेक्षा फार लहान माणसांनी घेतला.

येथवर विनोद करणे सोपे होते. आता कठीण भागाकडे वळले पाहिजे. लालबागेत एका खोलीत राहणाऱ्या एखाद्या बाईंची वाचकांनी कल्पना करावी. मध्यरात्री त्यांच्या यजमानांच्या छातीत कळ आली. परळला इस्पितळे पुष्कळ. पण खाट रिकामी नाही असे उत्तर मिळाले. बाई नगरसेवकाच्या दारी धावल्या. तो बिचारा झोपेतून उठला, चार ठिकाणी फोन केले, स्वतः बरोबर गेला, आणि तासाभरात खाट मिळाली. यजमान वाचले. आता निवडणूक आली आहे आणि तोच गृहस्थ हात जोडून दारात उभा आहे. बाईंनी काय करावे?

दादरच्या किंवा हिंदू कॉलनीच्या दिवाणखान्यात या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते. ‘अशी मते विकली जातात म्हणूनच देशाची ही दशा!’ असे म्हणून चहाचा दुसरा पेला घेतला जातो. हे उत्तर आम्हांस अन्यायाचे वाटते. त्या दिवाणखान्यातील मंडळींवर असा प्रसंग आला तर त्यांचा मावसभाऊ डॉक्टर असतो, वर्गमित्र सचिवालयात असतो, आणि तेही न साधले तर खाजगी इस्पितळाचा विमा असतो. आमची ती ओळख आणि तिचा तो वशिला, हा भेद नीतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आमच्या वाचनात आलेला नाही. शिवाय उपकार स्मरणे हा आमच्या संस्कृतीत थोर गुण मानला आहे. कृतघ्नाला आमच्याकडे प्रायश्चित्तही नाही. बाई त्या गृहस्थास विसरल्या तर आम्हीच त्यांना नावे ठेवू. तेव्हा तिढा खरा आहे: मनुष्य म्हणून जो तिचा सद्गुण आहे तोच नागरिक म्हणून तिचा दोष ठरतो काय?

हा तिढा सोडविण्यास मत कोणाच्या मालकीचे आहे हे पाहणे अवश्य आहे, आणि त्यासाठी या शहराचा इतिहासच उपयोगी पडतो. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेचे ६४ सभासद ठरले, आणि त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावेत अशी योजना झाली. १९२२ साली हा हक्क महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूपर्यंत खाली उतरला. गिरगावात दोन खोल्यांत राहणारा कारकून त्यात कसाबसा शिरला. गिरणगावात एकाच खोलीत बिऱ्हाड थाटणारा कामगार बहुधा बाहेरच राहिला. पुढे १९४८ साली महापालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मतदानाने झाली. जोवर मत घराच्या कराला किंवा भाड्याच्या पावतीला चिकटलेले होते, तोवर ते एक प्रकारची मालमत्ता आहे असे म्हणण्यास जागा होती. आणि मालमत्ता दान करता येते, विकता येते, ऋणाच्या फेडीतही देता येते. पण ज्या दिवशी ते पावतीपासून सुटले आणि केवळ माणूस म्हणून माणसाच्या हाती आले, त्या दिवशी ते मालमत्ता राहिले नाही. ते एक अधिकारपद झाले. अधिकारपद हे धारण करणाराच्या सोयीसाठी नसते. पंच म्हणून बसलेल्या मनुष्याने ‘वादीने मला गेल्या साली दोन पायली तांदूळ दिले होते’ म्हणून निवाडा त्याच्या बाजूने दिला, तर आपण त्यास कृतज्ञ म्हणत नाही. तांदूळ त्याने आपल्या कणगीतून परत करावेत. निवाडा त्याच्या कणगीतला नाही.

मत हा असा निवाडा आहे असे मानले म्हणजे आमच्या शहराच्या राजकारणातील काही जुनी कोडी उलगडतात. प्रौढ मतदानाचा हक्क मिळावा म्हणून १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे मागणी करणारे, आणि पुढे तो हक्क घटनेत आणण्यात ज्यांचा वाटा सर्वात मोठा, ते डॉ. आंबेडकर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, ज्या शहरात त्यांनी परळच्या चाळीपासून दादरच्या राजगृहापर्यंत आयुष्य काढले त्याच शहरात, लोकसभेसाठी पराभूत झाले. तो निवाडा आम्हांस चुकीचा वाटतो. पण निवाडा चुकला म्हणून निवाडा करणाराचा अधिकार चुकला असे होत नाही. उलट, दिलेला हक्क देणाराच्या विरुद्धही वापरता येतो, यातच तो हक्क खरा होता आणि ती कोणाची मेहेरबानी नव्हती, याचा पुरावा आहे. डॉक्टरसाहेबांचे ऋण लोकांनी मतपेटीत फेडले नाही. ते फेडण्यास दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीवर येतात. कृतज्ञतेला या शहरात जागा आहे, आणि ती मतदानकेंद्राबाहेर आहे.

दुसरी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. तीन वेळा महापौर झालेले आणि शहराचे अनभिषिक्त राजे म्हणविले गेलेले स. का. पाटील यांचे दक्षिण मुंबईवर उपकार थोडे नव्हते. तरी १९६७ साली तेथील लोकांनी जॉर्ज फर्नांडिस या नगरसेवकाच्या बाजूने कौल दिला. पाटीलही पराभूत होऊ शकतात, हे मतदारांस पटवून देण्यावरच त्या प्रचाराचा सारा भर होता. त्याच्या उलट डॉ. दत्ता सामंत यांचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. १९८४ च्या अखेरीस निवडणूक आली तेव्हा तो संप मोडल्यासारखाच होता, देशभर काँग्रेसची लाट होती, आणि सामंतांपाशी देण्यासारखे काहीही उरले नव्हते. तरी दक्षिण-मध्य मुंबईने त्यांना लोकसभेत पाठविले. यास कोणी कृतज्ञता म्हणेल, आम्हीही म्हणू. पण ती खाटेबद्दलची किंवा बाकड्याबद्दलची कृतज्ञता नव्हती. आमचे गाऱ्हाणे अजून मिटलेले नाही, हा गिरणगावाने दिलेला निवाडाच होता. एका घराच्या उपकाराची फेड आणि सर्वांच्या दुःखाची आठवण यांत जे अंतर आहे ते हेच.

आता त्या बाईंकडे परत येऊ. समजा, त्यांना हे सारे पटले. पण दारात हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांस डोळा कसा भिडवावा? येथे दूरच्या एका देशाने सर्व जगावर उपकार करून ठेवला आहे. गुप्त मतदानाची छापील चिठ्ठी ही ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींची देणगी. तेथे १८५६ साली ती सुरू झाली, आणि बरीच वर्षे जग तिला ‘ऑस्ट्रेलियन’ पद्धतच म्हणत असे. खुद्द इंग्लंडने ती १८७२ साली, म्हणजे मुंबईच्या नगरपालिकेचा कायदा झाला त्याच वर्षी, स्वीकारली. गुप्ततेचा हेतू मतदाराचे धमकीपासून रक्षण करणे हा, असे सांगतात. ते खरे आहे. पण उपकारापासून रक्षण करणे हाही तिचा तितकाच मोठा उपयोग आहे. जे फिटले की नाही हे सावकारास कधीच कळू शकत नाही, त्यास व्यवहारात कोणी कर्ज म्हणत नाही. पडद्याआड गेलेल्या बाई कोणाच्या ऋणकरी नाहीत, अशी तजवीज कायद्यानेच करून ठेवली आहे. ‘मग दारात खोटे बोलावे काय?’ असे कोणी नीतिमान वाचक विचारतील. तशी गरज नाही. ‘तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही’ हे वाक्य पूर्ण सत्य आहे, आणि त्यात मताविषयी एक अक्षरही नाही.

पंचाची उपमा घेतली म्हणजे आणखी एक प्रश्न ओघानेच येतो. निवाडा हे कर्तव्य असेल तर पंचास घरी बसता येईल काय? ऑस्ट्रेलियाने १९२४ साली ‘नाही’ असे उत्तर दिले. १९२२ च्या निवडणुकीत तेथे शंभरातील साठ लोकही मतास आले नव्हते. सक्ती झाल्यावर १९२५ साली एक्याण्णवांहून अधिक आले. आज न येणारास वीस डॉलर दंड आहे. मेलबर्नला स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कळविले आहे की, तेथे मतदान शनिवारी असते, शाळेच्या पटांगणात ते एखाद्या जत्रेसारखे चालते, आणि बाहेर भाजलेली सॉसेजे पावात घालून विकतात. या खाद्याचे नाव इतके रूढ झाले की २०१६ साली तेथील कोशकारांनी ‘डेमॉक्रसी सॉसेज’ हा वर्षाचा शब्द ठरविला. आमचा विद्यार्थी शाकाहारी असल्यामुळे नुसता पाव व परतलेला कांदा खाऊन लोकशाहीचे कर्तव्य पार पाडतो. परंतु सक्तीने शरीर केंद्रापर्यंत येते, मन येतेच असे नाही. उमेदवारांच्या नावांपुढे वरून खाली १, २, ३ असे आकडे घालून मोकळे होणारे महाभाग तेथेही आहेत, आणि अशा मतास तेथे ‘गाढवाचे मत’ म्हणतात. शिवाय ज्या देशाने मत देणे १९२४ साली सक्तीचे केले, त्यानेच आपल्या सर्व मूळ रहिवाशांना राष्ट्रीय निवडणुकीत ते देण्याचा अधिकार १९६२ पर्यंत दिला नव्हता, हेही लक्षात ठेवलेले बरे. गुजरातने स्थानिक संस्थांपुरती सक्ती करून पाहिली. २०१५ साली उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

तेव्हा दंडाचा भरवसा न धरता पंचांनी आपण होऊन यावे हे उत्तम. आणि येथे आमच्या वर्गाची स्थिती स्पृहणीय नाही. २० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले तेव्हा दक्षिण मुंबईत जेमतेम निम्मे मतदार आले. तो दिवस सोमवार होता, शनिवार-रविवारला जोडून आला होता, आणि लोणावळ्याची हवा दक्षिण मुंबईपेक्षा चांगली आहे हे निर्विवाद आहे. ऊन कडक होते, रांगा लांब होत्या. पण त्याच उन्हात, ज्यांचे नाव अजून गिरगावच्या यादीत आणि बिऱ्हाड विरार-डोंबिवलीला आहे, अशी माणसे दोन गाड्या बदलून आलेली असतात. कायद्याने त्यांनी नाव हलवावयास हवे होते हे खरे. पण जी चाळ पाडली गेली तिचे मत अजून आपल्यापाशी आहे, या भावनेने येणाऱ्या त्या माणसांपुढे लोणावळ्याच्या प्रवाशाने नीतीचे पाठ वाचू नयेत.

निवडून दिलेल्या माणसाची किंमत काय असते, हेही आम्हांस अलीकडेच कळले आहे. मुंबई महापालिकेच्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. प्रारंभी अनेकांनी समाधानाचा सुस्कारा टाकला: फलक कमी होतील, भाषणे कमी होतील! पण पाणी गढूळ आले की तक्रार वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी जाऊन थबकू लागली. ज्याची आपण थट्टा करीत होतो तो मनुष्य निदान आपल्या मताला भीत होता. खिडकीस कोणाच्याच मताची भीती नव्हती.

मग निवाडा करताना बाईंनी कसोटी तरी कोणती लावावी? आम्हांस सुचते ती अशी. त्या रात्री जी खाट मिळाली ती रिकामी नव्हती असे आधी सांगण्यात आले होते. म्हणजे एकतर ती कोठे तरी दडविलेली होती, किंवा रांगेतील दुसऱ्या कोणाची होती. त्या दुसऱ्या माणसाची बायको कोणाच्या दारी धावली नाही, कारण तिची कोणाशी ओळखच नव्हती. ‘याने माझ्यासाठी काय केले?’ हा प्रश्न आभार मानताना योग्य आहे. मत देताना विचारण्याचा प्रश्न हा की, ज्या बाईची कोणाशी ओळख नाही तिला मध्यरात्री खाट मिळावी म्हणून याने काय केले? ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर असेल त्यास मत द्यावे, मग तो आपल्या दारी कधी आलेला नसला तरी चालेल. आणि आपला उपकारकर्ताच त्या उत्तरास उतरत असेल तर त्यास देण्यात संकोच कसला? राजकारण्यांच्या हातून या प्रश्नाचे उत्तर घडलेलेही आहे. गोरेगावला मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी जो लढा दिला त्यात नळ ओळखीने मागितला नव्हता, हक्काने मागितला होता. म्हणूनच लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले, आणि ते नाव कोणत्याही टाकीवर रंगवावे लागले नाही.

मतदान हा शब्द बदलावा असे आम्ही सुचवीत नाही. रुळलेले शब्द ठरावाने जात नाहीत, आणि ‘मतनिवाडा’ हा शब्द आमच्या स्वतःच्या जिभेवरही बसत नाही. शब्द राहू द्यावा. दान कोणास करीत आहो एवढे मात्र ध्यानात ठेवावे. ते हात जोडून दारात उभ्या असलेल्या उमेदवारास नाही. ते रांगेतील त्या अनोळखी बाईस आहे, जिने आपल्यावर कधी उपकार केला नाही, जी पुढेही करणार नाही, आणि आपण तिला काही दिले हे जिला कधी कळणारही नाही. दान एवढ्या नेमक्या जागी पोहोचले, तर गीतेच्या कसोटीस उतरण्यास मतदारास आणखी काही करावे लागत नाही.